पायाळू मॅडमचा दवाखाना

बुलढाण्यात कुणी रिक्षात बसून 'फिजिओथेरपी सेंटर' म्हणालं, तर रिक्षावाला त्याला आधी एक्स-रे काढणाऱ्याच्या दारात उभं करतो, मग सोनोग्राफीच्या. शेवटी वैतागून विचारतो, "पायाळू म्याडमकडं जायचं का तुमाले? मंग तसं सांगा ना भाऊ!" साडेचार वर्षं घासून मिळवलेली माझी पदवी दवाखान्याच्या भिंतीवर फ्रेम करून टांगलेली आहे. ती कुणी वाचताना मी आजवर पाहिलेलं नाही. माझ्या पायांकडे मात्र सगळे बघतात, आणि तेही आदराने.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. पाठीत उसण भरली किंवा कमरेत चमक निघाली तर पायाळू माणसाने दुखऱ्या जागेवर पाय लावायचा, की दुखणं उतरतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत. पायाळू माणसावर वीज पडते, ही तिचीच धाकटी बहीण. त्यामुळे आभाळ गडगडलं की आई मला माजघरात कोंडून ठेवायची. म्हणजे फायदा गल्लीला आणि कोंडवाडा मला.

देऊळगाव राजाला आमच्या गल्लीत मी एकटीच पायाळू. लगोरीचा डाव ऐन रंगात आला की कुठल्या तरी ओसरीवरून हाक यायची, "ए पोरी, आजोबांची कंबर धरली बघ. ये बरं, पाय लावून जा." आजोबा आधीच पालथे पडलेले असत. उजवा पाय लावायचा की डावा, यावर त्या घरातल्या बायकांत जोरदार वाद होई, आणि तोवर मी एका पायावर उभी. काम झालं की तळहातावर गुळाचा खडा पडे. इतर आया मुलीचं भरतकाम पाहुण्यांना दाखवत, माझी आई माझा पाय दाखवायची.

मी फिजिओथेरपी शिकायला गेले ती खरं म्हणजे या पायाच्या रागाने. म्हटलं, पाठ का दुखते हे एकदा मुळापासून शिकून घेऊ, म्हणजे कुणी पालथं पडणार नाही. शिकले, लग्न होऊन बुलढाण्याला आले, एका खोलीत दवाखाना थाटला. दोन खाटा, शेक द्यायचं मशीन, भिंतीला दोऱ्या आणि कप्प्या. पहिले पेशंट म्हणून एक निवृत्त गुरुजी आले. मी मशीनची वायर जोडत होते. गुरुजी म्हणाले, "तू त्या देऊळगावच्या मास्तरांची पायाळू मुलगी ना? मग ते मशीन राहू दे." मी पदवीकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्या चपलेकडे दाखवलं.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की या दवाखान्यात पाय लावायचा नाही. आणि बरीच वर्षं ते पाळलंही. कुणी विचारलंच, "म्याडम, तुमचा उजवा गुन देते का डावा?" तर माझं उत्तर ठरलेलं, "दोन्ही बिनकामाचे. उठा आणि भिंतीला हात लावून उभे राहा."

आमचा धंदा सांगायला सोपा आणि करायला कठीण. कुणाचा घोटा मुरगळतो, कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाचा खांदा बॉल फेकून फेकून धरतो. औषध थोडं, हालचाल जास्त. पण माणसाला गोळी घ्यायला सांगितली तर तो घेतो, इंजेक्शन सांगितलं तर आनंदाने घेतो, आणि रोज पंधरा मिनिटं व्यायाम सांगितला की त्याच्या घरी एकदम पाहुणे येतात.

त्यात आमच्याकडचे घरगुती उपाय. कबड्डीत घोटा मुरगळला की पोरगा माझ्याकडे यायच्या आधी त्याच्या पायावर आंबेहळद येऊन गेलेली असते, काकाने कचकचून चोळलेलं असतं आणि एखाद्या हौशी शेजाऱ्याने बिबाही लावलेला असतो. मग मुरगळलेलं बाजूला राहतं आणि बिब्याने उतलेले फोड आधी निस्तरावे लागतात. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस चोळू नका, शेकू नका. पाय उंच ठेवा, पट्टी बांधा आणि फडक्यात गुंडाळून बर्फ लावा, हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आमच्या घरचा पोपटही म्हणाला असता, पण आम्ही पोपट पाळलेला नाही.

बर्फाचं नाव काढलं की लोक दचकतात. "बर्फानं सर्दी होते ना म्याडम?" घोट्याला सर्दी कशी होईल, असं विचारलं तर मफलर घट्ट करतात. एका वहिनींना मी सुचवलं की बर्फ नसेल तर फ्रीजरमध्ये काही गोठवलेलं असेल ते फडक्यात बांधून लावा. चार दिवसांनी त्यांचे यजमान लंगडायचे थांबून खुशीत आले. "म्याडम, तुरीच्या शेंगांचे सोले लावले. मस्त उतरली सूज."

"छान. आणि सोले परत फ्रीजरमध्ये ठेवता ना?"

"हाव ना. काल सायंकाळी त्याचाच सोलेभात केला."

मुकुंदरावांची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र पुढे जाता येणार नाही. मुकुंदराव एका कचेरीत मोठे कारकून. फायली, चष्मा, चहा आणि खुर्ची, यापलीकडे शरीराचा काही उपयोग असतो हे ते कॉलेज सोडल्यावर विसरले होते. हिवाळ्यात कचेरीच्या क्रिकेट सामन्यात त्यांना कुणीतरी पहिल्या नंबरला खेळायला पाठवलं. पहिलाच चेंडू त्यांनी टोलवला, पळत सुटले, आणि अर्ध्या वाटेत "मारलं! मारलं!" ओरडत खाली बसले. दोघा शिपायांच्या खांद्यावर हात टाकून ते माझ्याकडे आले. मागोमाग हात जोडत विकेटकीपर सोनोने.

"मॅडम, मला सर्टिफिकेट पाहिजे," मुकुंदराव म्हणाले. "ह्याने मला मागून पोटरीवर दगड मारला."

"मी कायले मारू साहेब? मी त स्टंपामागं उभा होतो!"

"मागेच होतास ना? दगडही मागूनच आला."

प्रमोशनवरून दोघांत जुनी चुरस होती, त्यामुळे प्रकरण चिघळलेलं. मी विचारलं, "दगड सापडला का?"

"चार माणसं मैदानात शोधून राह्यले," एक शिपाई म्हणाला.

मला हसू आवरेना. पोटरीचा स्नायू फाटला की अगदी असंच वाटतं, कुणीतरी मागून दगड हाणल्यासारखं. माणूस वळून बघतो तर मागे कुणी नसतं. मुकुंदरावांच्या दुर्दैवाने मागे सोनोने होते. हे सगळं समजावून मी विचारलं, "सामन्याआधी काय केलं होतंत?"

"नाश्ता."

फ्रीजमधून काढलेली कणीक लगेच ताणली तर तुटते, थोडा वेळ बाहेर ठेवून मळली तर हवी तशी लांबते, हे घरातल्या कुठल्याही बाईला कळतं. स्नायूंचंही तसंच. खेळण्याआधी जरा चाला, हळू पळा, सांधे फिरवा, घाम फुटायच्या बेताला या आणि मग काय ती मर्दुमकी गाजवा. मुकुंदरावांना हे इतकं पटलं की पुढच्या वर्षी संघाचे कप्तान होऊन त्यांनी सगळ्यांकडून एवढं वॉर्मअप करून घेतलं की टॉस होईपर्यंत अख्खा संघ सावलीत आडवा झाला होता. सोनोनेंशी मात्र त्यांचं जमलं. मैदानात दगड सापडला नव्हता, हे शेवटी दोघांच्याही पथ्यावर पडलं.

आता प्रज्ञाचं सांगते. माझ्या कामात मला खरोखर घाम फुटला तो तिच्यामुळे.

गौतमभाऊ धाड गावाहून बुलढाण्याला प्रवाशांची जीप चालवत. प्रज्ञा त्यांची थोरली. पोलीस भरतीची तयारी करत होती. लेखी परीक्षेची तिला भीती नव्हती. भीती होती ती ग्राउंडची, म्हणजे धावणं, गोळाफेक वगैरे मैदानी चाचणीची. भरती काही दरवर्षी निघत नाही. आणि घरात आजीने सांगून ठेवलं होतं, की या वेळी लागली तर लागली, नाहीतर चिखलीचं स्थळ पक्कं. मुलगा चांगला होता म्हणे. "चांगला आहे त मंग आजीनंच करावं," असं प्रज्ञा म्हणाली होती, त्यावरून घरात दोन दिवस अबोला.

रोज पहाटे ही पोरगी डांबरी रस्त्यावर धावायची आणि मागून गौतमभाऊ जीपच्या दिव्यांचा उजेड पाडत हळूहळू यायचे. जीपमध्ये पहिल्या खेपेचे पाच-सहा प्रवासी असत. त्यांना बुलढाण्यात पुढची एसटी गाठायची घाई. त्यामुळे ते आतून ओरडत, "पळ पोरी, पळ! जोरात पळ!" लोकांना वाटे, काय गावाची माया आहे!

ती माझ्याकडे आली तेव्हा डावी नडगी दुखत होती. झिजलेले बूट, डांबरी रस्ता, आणि भरतीची जाहिरात आल्याबरोबर एकदम दुप्पट केलेलं धावणं. मी नडगीवरून अंगठा दाबत दाबत नेला. एका जागी तिने श्वास रोखला. म्हटलं, डाव्या पायावर उडी मार. मारली. डोळ्यांत टचकन पाणी. मी तिला हाडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि माझी शंका खरी ठरली. कपाला केसाएवढी रेघ जावी तशी हाडाला बारीक चीर गेली होती. अशा वेळी धावणं थांबवलं तर हाड आपणहून भरून येतं. रेटून धावलं तर तीच चीर वाढते, मग ग्राउंड राहतं बाजूला आणि पाय प्लास्टरमध्ये जातो. ग्राउंड अडीच-तीन महिन्यांवर होतं. आताच थांबली तरच जमण्यासारखं होतं.

मी हे बापलेकीला चित्र काढून समजावलं. दोघांनी ऐकून घेतलं, घरी गेले, आणि पोरगी दुसऱ्या पहाटेपासून परत धावायला लागली. आठवड्याने आली तेव्हा लंगडत होती.

मी चिडले. "तुला पोलिसात जायचंय की लंगडत चिखलीला?"

ती रडायला लागली. "म्याडम, थांबली त बाकीच्या पोरी पुढं जातीन. मले घरी बसून झोपच नाही येत."

गौतमभाऊ इतका वेळ टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, "म्याडम, सारं बुलढानं म्हनते, तुमी पायाळू हाय. एकडाव पोरीच्या पायाले पाय लावा. बाकी मी काही नाही म्हनत तुमाले."

माझ्या तोंडावर आलं होतं, की दोन्ही बिनकामाचे. पण पोरीच्या त्या नडगीकडे पाहिलं आणि वाटलं, आपण चित्र काढून काढून दमलो. या माणसाचा माझ्या पदवीवर विश्वास नाही, पायावर आहे. मग पायालाच कामाला लावू.

"लावते," मी म्हटलं. "पण पायाळूचा एक नियम आहे. तो मोडला तर उतरलेलं दुखणं दुपटीने चढतं. मोडणार नसाल तरच लावीन."

"सांगा म्याडम. जीव गेला तरी मोडनार नाही."

"पाय लावल्यावर मी सांगेपर्यंत धावायचं नाही. बससाठी नाही, कुत्रं मागे लागलं तरी नाही. पण पाण्यात पाय हलवायचे, सायकल चालवायची आणि मी सांगते ते व्यायाम रोज करायचे. पायाळूचा पाय आळशी माणसाला लागू पडत नाही."

हा नियम मी जागच्या जागी तयार केला होता. आठवड्यापूर्वी हाडाची चीर समजावताना ज्या माणसाची मान हलली नव्हती, त्याने आता तीनदा मान डोलावली. "कोनता पाय लावता?" त्यांनी विचारलं. मी चप्पल काढली आणि जो आधी मोकळा झाला तो उजवा पाय प्रज्ञाच्या डाव्या नडगीला अलगद टेकवला. भिंतीवरच्या पदवीकडे मी बघितलं नाही.

नियम मात्र असा पाळला गेला की पुसू नका. गौतमभाऊंनी अख्ख्या धाडला सांगून ठेवलं. पोरगी आठवडी बाजारात जरा भरभर चालली तरी भाजीवाल्या बायका ओरडायच्या, "ए पोरी, हळू! पायाळूचा नियम मोडशीन!"

घोळ झाला तो पाण्यामुळे. पाण्यात हाडावर भार येत नाही आणि दम मात्र चांगला कमावता येतो, म्हणून मी विहिरीत धावायला सांगितलं होतं. प्रज्ञाला पोहता येत होतं, तरी पाठीला डबा बांधायचा, बाप काठावर हवा, असं बजावलं होतं. एका सकाळी गौतमभाऊ टॉवेल आणायला जीपकडे गेले आणि नेमकी तेव्हाच शेताकडे निघालेली एक म्हातारी विहिरीत डोकावली. खाली प्रज्ञा हातपाय झाडतेय.

"ओ माय वं! गौतमाच्या पोरीनं विहीर जवळ केली वं!"

बाजूच्या शेतांतून माणसं धावत आली. कुणी दोर टाकला, कुणी चिखलीच्या स्थळाला शिव्या घातल्या. एक तरणाबांड गडी तर कपड्यांनिशी उडी मारून मोकळा झाला. आत पडल्यावर त्याला आठवलं की आपल्याला पोहता येत नाही. प्रज्ञाने त्याला कॉलर धरून पायऱ्यांशी आणलं.

"काऊन वं असं केलं?" वरून म्हातारी रडत होती.

"काई नाही केलं आजी! मी धावून राह्यली!"

"कुठं धावून राह्यली? हाय तिथंच त हाय तू!"

गौतमभाऊंचा मला लगेच फोन. आवाज घाबरा. गावाची त्यांना फिकीर नव्हती, त्यांना नियमाची काळजी होती. "म्याडम, हे पान्यातलं धावनं नियमात बसते ना? सारे म्हनून राह्यले का धावनं म्हंजे धावनंच."

"नियम जमिनीपुरता आहे," मी सांगितलं. त्यांनी फोन न ठेवताच सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बसते म्हने! नियमात बसते!" आणि मला विहिरीकाठचा सुटकेचा गलका ऐकू आला. त्यानंतर रोज सकाळी चार माणसं काठावर बसून तिला पळ पोरी पळ करू लागली. त्या चौघांत तो तरणाबांड गडीही असे, पण काठापासून जरा लांब.

हाडाच्या डॉक्टरांनी चीर भरल्याचं सांगितलं तेव्हा मी प्रज्ञाला नवे बूट घ्यायला लावले आणि डांबरी रस्ता सोडून शाळेच्या मुरमाच्या मैदानावर उतरवलं. थोडं चाल, थोडं पळ, दुसऱ्या दिवशी विसावा. पळायची भूक राहील अशा बेताने वाढव. बहुतेक दुखापती आळसाने होत नाहीत, उत्साहाने होतात. महिन्याचं काम आठवड्यात उरकायला गेलं की शरीर संपावर जातं. प्रज्ञाला हे आता कळलं होतं. गौतमभाऊंची अडचण वेगळीच होती. नियम लावताना पाय लावला होता, तर नियम उठवतानाही लावायला नको का? लावला. एव्हाना मला त्याची लाजही वाटेनाशी झाली होती.

ग्राउंडच्या दिवशी दवाखान्यात माझं लक्ष नव्हतं. एका काकूंचा चांगला खांदा मी बराच वेळ फिरवत बसले, दुखरा दुसरा होता. मनात सारखं येत होतं, की आपण सायकल आणि पाणी सांगितलं ते ठीक, पण पोरीचा धावायचा सराव कमी पडला असेल तर? हाड शाबूत राहिलं आणि नोकरी गेली, तर ती मला काय म्हणेल? मी नियम बनवला होता, उधारीच्या विश्वासावर. दुपार झाली तरी फोन नाही. शेवटी मीच केला. पलीकडे जीपचा खडखडाट आणि गौतमभाऊंचं नुसतं हुंदके देणं.

"गौतमभाऊ, काय झालं?"

"काढलं म्याडम," ते म्हणाले. "पोरीनं ग्राउंड काढलं." आणि परत रडायला लागले. मागून प्रज्ञाचा आवाज आला, "बाबा, जीप बाजूले घ्या आधी!"

पुढे लेखीतही पास होऊन ती निवडली गेली. चिखलीच्या स्थळाने दुसरीकडे साखरपुडा केला आणि आजी आता गावभर सांगते की पोरीला पोलीस करायची कल्पना तिचीच होती.

माझं मात्र व्हायचं ते झालं. धाडहून जीप भरभरून माणसं येऊ लागली. "म्याडम, पाय लावा आन नियम सांगा." मग मीही निर्ढावले. गुडघेदुखीच्या आजोबांना नियम दिला, रोज अर्धा तास चालायचं आणि खुर्चीतून दहादा उठबस. दिवसभर शिलाई मशीनवर वाकणाऱ्या ताईंना नियम दिला, तासातासाला उठून खांदे फिरवायचे. सकाळी नव्या कोऱ्या बुटांत फिरायला जाऊन परतताना दोन-दोन कचोऱ्या रिचवणाऱ्या मंडळींना नियम दिला, की कचोरी खाल्ली तर पायाचा गुण बोटांतून निघून जातो. हा शेवटचा सोडून बाकीचे नियम लोक पाळतात. माणसं माझ्या सांगण्यावरून व्यायाम करतात, फक्त श्रेय पायाला देतात. याचं वाईट वाटतं. वाटतं, की एखाद्याने तरी म्हणावं, मॅडम, तुम्ही शिकलात ते कामाला आलं.

मध्यंतरी प्रज्ञाचा फोन आला. सुट्टीवर आली होती. धाडच्या शाळेत भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींसमोर दुखापती कशा टाळाव्यात यावर मी बोलावं, असा तिचा हट्ट. मी गौतमभाऊंच्या जीपने गेले. तो रस्ता आणि ती जीप, दोघांनी मिळून माझे मणके मोजून घेतले. उतरल्या उतरल्या सत्कार, नारळ, चहा, आणि लगेच भाषण. पोरं पुढे जाजमावर, मागे गावकरी, आणि बाजूला वर्दीतली प्रज्ञा, मुद्दाम घालून आलेली. मी वॉर्मअपवर बोलले. फ्रीजमधल्या कणकेचं सांगितलं. मग म्हटलं, आता जमिनीवरून वजन कसं उचलायचं ते दाखवते, कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यांत वाकायचं. गोळाफेकीचा गोळा समोर ठेवला होता. बोलण्याच्या भरात पोरांकडे बघत बघत मी वाकले. कमरेतून.

कट्‌ आवाज मलाच ऐकू आला असावा. मी तशीच राहिले, काटकोनात. वरही येईना, खालीही जाईना. पुढच्या रांगेतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं असं वाकायचं नाही हे मी करून दाखवतेय.

प्रज्ञाला कळलं. तिने मला धरून जाजमावर पालथं झोपवलं. कळा अशा येत होत्या की मी गल्लीतल्या सगळ्या आजोबांची मनातल्या मनात माफी मागितली. भोवती गर्दी जमली.

"उसन भरली म्याडमले! पायाळू पाहा बे कोनी!"

"पायाळू कोन हाय गावात?"

"म्याडमच हाय."

पायाळूला स्वतःच्या पाठीला पाय लावता येत नाही, ही अडचण आजवर कुणाच्याच डोक्यात आली नव्हती, माझ्याही नाही.

प्रज्ञा माझ्या कानाशी वाकली. "म्याडम, गुडघे पोटाशी घ्यायचा तो व्यायाम करू या का? हळूहळू? तुमीच सांगता ना, नुसतं पडून राहायचं नाही." अगदी माझ्याच आवाजात, माझ्याच तोऱ्यात बोलली पोरगी. मला त्या कळांतही तिचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले. तिने मला कुशीवर घेतलं, श्वास मोजायला लावले, माझे गुडघे बोटभर बोटभर वर आणले. ती सगळं बरोबर करत होती. मी शिकवलेलं एकही विसरली नव्हती.

तरी कळ काही थांबेना. आणि काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "प्रज्ञा, पाय लावतेस का गं?"

ती दचकली. "म्याडम, मी कुठं पायाळू हाय?"

"माहीत आहे मला."

गौतमभाऊ पुढे झाले, टोपी हातात घेऊन. प्रज्ञा बाजूला बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, दोन्ही बूट नीट जोडून ठेवले, मोजे काढले आणि चीर भरून आलेल्या त्या डाव्या पायावर भार देऊन उभी राहिली.

"कोनता लावू म्याडम? उजवा का डावा?"

बरीच वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर ठरलेलं होतं.

"डावा," मी म्हटलं.